सगळ्याला ‘बॅड’ म्हणू नका: नकोशा माणसांसाठी आणि वस्तूंसाठी नेमकं इंग्रजी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला दोन-तीन भाषा सहज येतात. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, गाडीत शेजारी बसलेल्या परप्रांतीयाशी हिंदी. इंग्रजी लागतं ते ठरावीक ठिकाणी: उद्यमबागेतल्या कारखान्यातून बाहेरच्या कंपनीला मेल करताना, गोव्यातल्या हॉटेलच्या नोकरीत, बेंगळुरूच्या ऑफिसात, किंवा बँकेत दुसऱ्या राज्यातून बदलून आलेल्या साहेबांसमोर. कौतुक करायला ‘गुड’ आणि ‘नाइस’ पुरतात. गाडी अडते ती तक्रारीच्या वेळी. भात कच्चा असो, खोलीला कुबट वास येत असो की कुणी उर्मटपणे बोललेलं असो, तोंडातून एकच शब्द निघतो, ‘बॅड’. ‘फूड इज बॅड’, ‘रूम इज बॅड’, ‘दॅट मॅन इज बॅड’. ऐकणाऱ्याला यातून काही कळत नाही. मग तो काही करत नाही, आणि आपलं कुणी ऐकत नाही असं आपल्याला वाटत राहतं. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे.

पहिली पायरी: आधी मराठीत नेमकं ठरवा

नाक आणि जीभ यांच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. खवट, कुबट, आंबूस, करपट, कच्चट, वातड, मिळमिळीत हे शब्द घरातल्या आजीला कुणी शिकवावे लागत नाहीत. यातल्या बहुतेकांना इंग्रजीत स्वतंत्र जोडीदार आहे. म्हणून थेट इंग्रजी शब्द शोधायला जाऊ नका. नेमका कसला वास आहे, नेमकं काय बिघडलंय, हे मनात मराठीत म्हणा आणि मग त्याचा जोडीदार घ्या.

वासापासून सुरुवात करू. खवट म्हणजे ‘रॅन्सिड’. हा शब्द फक्त तेला-तुपाच्या पदार्थांचा: जुनं तेल, तूप, शेंगदाणे, सुकं खोबरं. स्निग्धांश हवेशी संयोग पावून बिघडतो तेव्हा हा वास येतो, त्यामुळे भाताला किंवा दुधाला ‘रॅन्सिड’ म्हणू नये. दूध, आमटी, उसळ आंबली तर ‘सावर’. ‘द डाल हॅज गॉन सावर’ हे पूर्ण आणि बरोबर वाक्य आहे. भाजी, फळं, अंडी, मांस सडलं तर ‘रॉटन’. शिळं म्हणजे ‘स्टेल’, पण स्टेल म्हणजे नासलेलं नव्हे. कालचा पाव स्टेल असतो, खाल्ला तर पोट बिघडेलच असं नाही. हॉटेलात ‘रॉटन’ म्हटलं तर धावपळ होते, ‘स्टेल’ म्हटलं तर ताजं आणून देतात. दोन्ही शब्द जपून वापरा.

कुबट हा आपल्याकडचा पावसाळी शब्द. जुलै-ऑगस्टात खानापूरकडे कपाट उघडलं, गादी उलटली की जो वास येतो तो ‘मस्टी’. भिंत नुसती ओलसर असेल तर ‘डॅम्प’. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर ‘मोल्डी’. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी डॅम्प, मग मस्टी, मग मोल्डी. घरमालकाला ‘डॅम्प’ सांगितलं तर तो पंखा लावा म्हणेल, ‘मोल्डी’ सांगितलं तर भिंत बघायला यावंच लागेल. गटाराच्या वासाला ‘फाउल’. तंबाखूसारख्या नाकात घुसणाऱ्या दर्पाला ‘पंजंट’. पंजंट म्हणजे नुसता उग्र, तो वाईटच असेल असं नाही.

‘इट स्मेल्स’ एवढंच म्हटलं तरी इंग्रजीत त्याचा अर्थ घाण वास येतो असाच होतो. कुणाच्या अत्तराचं कौतुक करायला ‘यू स्मेल’ म्हणून थांबलात तर समोरचा दुखावेल. पुढे ‘नाइस’ लावायलाच हवं.

चवीचं आणि शिजण्याचं तसंच. मिळमिळीत भाजी ‘ब्लँड’, पाणचट चहा ‘वीक’, पाणीदार आमटी ‘वॉटरी’. मटण चिवट असेल तर ‘टफ’, वातड पनीर ‘रबरी’. तेलकट वडा ‘ग्रीसी’. गुठळ्या झालेलं पिठलं ‘लंपी’. कच्चट भात ‘अंडरकुक्ड’. त्याला ‘रॉ’ म्हणू नका, रॉ म्हणजे चुलीवर चढलेलाच नाही असा. गिचका भात ‘मशी’. सांबारात भिजून लिबलिबीत झालेला डोसा किंवा वडा ‘सॉगी’. गोड जास्त झालं तर ‘टू स्वीट’, आणि दुसरा घास नको वाटण्याइतकं गोड असेल तर ‘सिकली स्वीट’. पण पाहुण्यांसमोर कुंदा ठेवल्यावर त्यांनी हा शब्द उच्चारला तर रागावू नका. त्यांना एवढ्या खव्याची सवय नसते.

वस्तूंच्या बाबतीत: दोष मुळातला की नंतरचा

वस्तू खराब निघाली की पहिला प्रश्न असतो तो दोष कुणाचा. इंग्रजीत हा फरक शब्दातच आहे. बनवतानाच चूक झाली असेल तर ‘डिफेक्टिव्ह’ किंवा ‘फॉल्टी’. वस्तू चांगली होती, वाटेत आपटली, भिजली, फुटली तर ‘डॅमेज्ड’. वापरून झिजली तर ‘वॉर्न आउट’. कुरिअरने आलेला मिक्सर सुरूच होत नसेल आणि तुम्ही ‘डॅमेज्ड’ लिहिलंत, तर कंपनी तुम्हाला कुरिअरवाल्याकडे पाठवणार. ‘फॉल्टी’ लिहिलंत तर तिला स्वतःला उत्तर द्यावं लागतं.

त्यापुढे आणखी नेमके शब्द आहेत: कपाची कड उडालेली ‘चिप्ड’, पत्र्याला पोचा ‘डेंटेड’, तडा ‘क्रॅक्ड’, गंज ‘रस्टी’, गळती ‘लीकिंग’, ढिला स्क्रू ‘लूज’. फाउंड्रीत काम करणाऱ्यांना तर ही भाषा रोज लागते. ‘कास्टिंग्ज आर बॅड’ अशी मेल पाठवली की दोन दिवस उलटसुलट प्रश्नच येत राहतात. त्याऐवजी असं लिहा: ‘आउट ऑफ 50 पीसेस, 6 हॅव ब्लोहोल्स ऑन द फ्लँज फेस अँड 2 आर क्रॅक्ड. फोटोज आर अटॅच्ड. प्लीज रिप्लेस दीज 8 पीसेस बाय फ्रायडे.’ यात एकही भारी शब्द नाही. किती नगांत, काय, कुठे आणि काय हवंय, एवढंच आहे. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, फ्लँज म्हणजे त्याची बाहेर आलेली सपाट कड, आणि ब्लोहोल म्हणजे ओतकामात हवा किंवा वायू अडकून राहिलेलं भोक. ते ‘क्रॅक’पेक्षा वेगळ्या कारणाने होतं, म्हणून दोन्ही वेगळे मोजून लिहिले.

निकृष्ट, टुकार कामाला ‘शॉडी’ हा चांगला शब्द आहे: ‘शॉडी वर्क’. कळकट जागेला ‘ग्रायमी’, फारच घाणेरडी असेल तर ‘फिल्दी’. कोंदट खोली ‘स्टफी’, अडचणीची खोली ‘क्रँप्ड’. खड्ड्यांनी भरलेला रस्ता ‘फुल ऑफ पॉटहोल्स’, नुसते हादरे बसत असतील तर ‘बंपी’.

माणसांबद्दल बोलताना: आधी क्रियापद, मग विशेषण

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थांबून वाचा.

इंग्रजीत तीन वाक्यं आहेत. ‘ही इज रूड’ म्हणजे तो माणूसच उद्धट आहे, कायमचा. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्ता, या क्षणी तो उद्धटपणा करतोय. ‘ही वॉज रूड टू मी’ म्हणजे त्या वेळी माझ्याशी उद्धट वागला. तक्रार करताना जवळजवळ नेहमी तिसरं वाक्य हवं असतं. पहिलं वाक्य साहेबांच्या कानावर गेलं की चर्चा त्या माणसाच्या स्वभावावर सुरू होते, आणि स्वभाव सिद्ध करता येत नाही. घडलेली गोष्ट सांगता येते. म्हणून शक्य तिथे विशेषणही टाळा आणि क्रियापद घ्या: ‘ही शाउटेड ॲट मी’, ‘शी इग्नोर्ड माय क्वेश्चन’, ‘ही पुश्ड अहेड इन द क्यू’. रांगेत घुसला हे ऐकलं की तो कसा आहे ते ऐकणारा स्वतःच ठरवतो.

विशेषण लागलंच तर योग्य छटेचं घ्या. उद्धट ‘रूड’, गर्विष्ठ ‘ॲरोगंट’, शिष्ट ‘स्नॉबिश’. तुसडा, म्हणजे एका शब्दात तोडून टाकणारा, ‘कर्ट’. आगाऊ पोरगं ‘चीकी’, यात थोडं कौतुकही असतं. आगाऊ मोठा माणूस ‘इम्पर्टिनंट’, यात कौतुक अजिबात नाही. रोखठोक ‘ब्लंट’. बेळगावकडचं बोलणं मुळातच रांगडं, त्यामुळे बाहेरच्यांना ते ‘रूड’ वाटतं. खरं तर ते ‘ब्लंट’ असतं, आणि हा फरक समजावून सांगायला हा शब्द उपयोगी पडतो.

हट्टी म्हणजे ‘स्टबर्न’. अडेलतट्टू असेल तर ‘पिग-हेडेड’, पण हा बोलण्यातला शब्द आहे, पत्रात नको. तापट ‘शॉर्ट-टेम्पर्ड’. लवकर चिडणारा ‘इरिटेबल’. आज सकाळपासून कुरकुरतोय एवढंच असेल तर ‘ग्रम्पी’. लहरी ‘मूडी’.

चोंबडा म्हणजे ‘नोझी’. नाक खुपसणं दोन्ही भाषांत सारखंच. दुतोंडी ‘टू-फेस्ड’ हाही तसाच जुळणारा. पण सगळे असे जुळत नाहीत. साहेबांच्या चमच्याला ‘स्पून’ म्हटलं तर कुणाला कळणार नाही. पुस्तकी शब्द ‘सिकोफंट’ आहे, बोलताना मात्र ‘ही इज ऑल्वेज फ्लॅटरिंग द बॉस’ हे जास्त सोपं. पाठीमागे निंदा करणारा ‘बॅकबायटर’, आणि बाईंकडे जाऊन चहाड्या सांगणारं पोर ‘टेलटेल’.

कामाच्या जागी चार शब्द वेगळे ठेवा. आळशी ‘लेझी’. काम टाळायच्या वाटा शोधणारा कामचुकार ‘शर्कर’. निष्काळजी ‘केअरलेस’. धांदरट माणसाच्या हातून वस्तू पडतात, तो ‘क्लम्झी’, आणि त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. मशीनवर हातमोजे न घालणाऱ्याला ‘लेझी’ म्हणून उपयोग नाही, तो ‘केअरलेस’ आहे आणि तसंच नोंदवायला हवं.

एकाच गुणाला आवडता आणि नावडता असे दोन शब्द असतात, हेही ध्यानात असू द्या. काटकसरी ‘थ्रिफ्टी’, चिक्कू ‘स्टिंजी’. ठाम ‘फर्म’, हट्टी ‘स्टबर्न’. चौकस ‘क्युरिअस’, चोंबडा ‘नोझी’. बारीक ‘स्लिम’, काटकुळा ‘स्किनी’. नामांकित ‘फेमस’, कुप्रसिद्ध ‘नटोरिअस’. आपल्या गावातल्या मान्यवराची ओळख करून देताना ‘नटोरिअस’ म्हणणारे वक्ते असतात, त्यांना वेळीच बाजूला घेऊन सांगावं. आणि मुलाखतीत आपल्या उणिवा विचारल्या तर ‘आय ॲम स्टबर्न’ म्हणू नका. ‘आय फाइंड इट हार्ड टू चेंज अ प्लॅन हाफवे’ असं सांगा.

हमखास फसवणारे शब्द

‘मिझरेबल’चा कंजूषपणाशी सहसा संबंध नसतो, त्याचा अर्थ दुःखी, हालाखीचा. कंजूष माणूस ‘मायझर’. ‘मीन’ म्हटलं की ब्रिटिश माणूस कंजूषही समजू शकतो आणि अमेरिकन दुष्ट समजतो, म्हणून अमेरिकन गिऱ्हाइकाबरोबर बोलताना कंजूषपणासाठी ‘स्टिंजी’च वापरा. ‘चीप’ माणसाला लावलात तर अमेरिकेत त्याचाही अर्थ चिक्कू. आपल्याला अभिप्रेत असलेला हलकट त्यातून पोचत नाही.

‘बोगस’ आपण कशालाही म्हणतो, पिक्चर बोगस, जेवण बोगस. इंग्रजीत बोगस म्हणजे बनावट. ‘बोगस बिल’ असं मेलमध्ये लिहिलंत तर तुम्ही समोरच्यावर खोटी कागदपत्रं केल्याचा आरोप करताय. बिलात चूक असेल तर ‘इनकरेक्ट’.

‘नॉन्सेन्स’ हा शब्द बोलण्याला लागतो, माणसाला नाही. ‘यू नॉन्सेन्स’ चुकीचं आहे. त्रासदायक माणूस किंवा गोष्ट ‘न्यूसन्स’: ‘द लाउडस्पीकर इज अ न्यूसन्स’. ‘पथेटिक’ म्हणजे कीव यावी असा, त्यामुळे तो सेवेपेक्षा माणसांना जास्त झोंबतो. सेवा वाईट असेल तर ‘पुअर सर्व्हिस’ म्हणा. ‘ओव्हरस्मार्ट’, ‘थर्ड क्लास’ हे भारताबाहेर नीट कळत नाहीत. ‘होमली’ आपण घरगुती, साधी सरळ या अर्थाने वापरतो. अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो. लग्नाच्या स्थळाच्या माहितीपत्रकातून हा शब्द काढून टाकावा हेच बरं.

‘ईव्ह-टीझिंग’ मात्र कायमचं सोडा. त्या शब्दाने छेडछाड ही थट्टा वाटते. ‘हरॅसमेंट’ म्हणा. ‘ही मिसबिहेव्ड विथ मी’ हेही पुरेसं नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. त्याने पाठलाग केला, हात धरला, घाणेरडे मेसेज पाठवले, जे घडलं ते सरळ शब्दांत लिहा: ‘ही फॉलोड मी’, ‘ही ग्रॅब्ड माय हँड’, ‘ही सेंट मी ऑब्सीन मेसेजेस’. असं लिहिताना संकोच वाटतो, पण तक्रारीला वजन येतं ते याच वाक्यांनी.

वाक्य बांधताना होणाऱ्या चुका

‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. तुम्हाला कंटाळा आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’. ‘इरिटेटिंग’ आणि ‘इरिटेटेड’, ‘डिसगस्टिंग’ आणि ‘डिसगस्टेड’ यांचंही तेच. त्रास देणाऱ्याला ‘इंग’, त्रास झालेल्याला ‘एड’.

नामाआधीचं ‘अ’ आपण गाळतो, कारण मराठीत तसं काही नसतं. ‘ही इज लायर’ नव्हे, ‘ही इज अ लायर’. ‘रूड’, ‘लेझी’ ही विशेषणं, त्यांच्याआधी एकट्याने ‘अ’ येत नाही.

‘टू’ म्हणजे खूप नव्हे, गरजेपेक्षा जास्त. ‘द फूड वॉज टू गुड’ हे कौतुक म्हणून परक्याला विचित्र वाटतं. आणि जे शब्द मुळातच टोकाचे आहेत त्यांना ‘व्हेरी’ लावू नका: ‘व्हेरी फिल्दी’, ‘व्हेरी हॉरिबल’ नको. तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ लागतं. साध्या ‘डर्टी’ला ‘व्हेरी’ चालतं. दोन विशेषणं एकत्र आली तर आपलं मत आधी, वर्णन नंतर: ‘अ हॉरिबल ओल्ड प्लास्टिक चेअर’.

उच्चारात जोर कुठे द्यायचा ते लक्षात ठेवा. ‘स्टबर्न’ आणि ‘ॲरोगंट’ यांत जोर पहिल्या भागावर, ‘डिसगस्टिंग’ आणि ‘ऑब्नॉक्शस’ यांत दुसऱ्या. ‘मिस्चिव्हस’ तीन भागांचा शब्द आहे. ‘मिस्चीव्हियस’ असं चार भागांचं म्हणायची सवय लागली असेल तर मोडा.

आदर कुठून आणायचा

मराठीत ‘अहो काका, जरा बघता का’ म्हटलं की आदर क्रियापदातच येतो. कडक तक्रारसुद्धा ‘अहो’ने नरम होते. इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून तिथे आदर इतर शब्दांनी घालावा लागतो. ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणजे इथे मी घाबरतो असं नव्हे, माफ करा पण सांगावं लागतंय असं. ‘अ बिट’ म्हणजे जरा. ‘नॉट व्हेरी क्लीन’ हे ‘डर्टी’पेक्षा सौम्य. ‘कुड यू प्लीज’ने विनंती होते. म्हणून ‘आय ॲम अफ्रेड द टॉवेल इज अ बिट मस्टी. कुड यू प्लीज चेंज इट?’ एवढं म्हटलं की काम होतं. वयाने मोठ्यांशी बोलताना शेवटी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ जोडलं तर भारतात चांगलंच. पण ‘तुम्ही लोक’ हे भाषांतर करून ‘यू पीपल’ कधीही म्हणू नका. इंग्रजीत त्याने सगळ्या समूहाला एकत्र तुच्छ लेखल्यासारखं वाटतं. ‘युअर टीम’ किंवा ‘युअर स्टाफ’ म्हणा.

जात, धर्म, रंग, शरीर, अपंगत्व यांवरून कुणाला नाव ठेवू नये, कुठल्याही भाषेत. ‘मेंटल’, ‘रिटार्डेड’, ‘लेम’ हे शब्द आपल्याकडे चेष्टेत फिरतात, ते बोलण्यातून काढून टाका. लेखी शिक्केही सांभाळा. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा ऑनलाइन अभिप्रायात कुणाला ‘चीट’, ‘थीफ’ लिहिणं ही बदनामी ठरू शकते. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिच्या कलम 356 खाली बदनामी हा गुन्हा आहे. ‘आय पेड फॉर 2 किलोज अँड गॉट 1.8’ हे मात्र घडलेलं आहे, ते खुशाल लिहा.

शब्द पक्के कसे करायचे

केंब्रिज आणि ऑक्सफर्डचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यांत अर्थाशेजारी छोट्या खुणा असतात: ‘डिसअप्रूव्हिंग’ म्हणजे नापसंतीचा, ‘इन्फॉर्मल’ म्हणजे बोलण्यातला, ‘ऑफेन्सिव्ह’ म्हणजे अपमानकारक. अर्थ वाचायच्या आधी ही खूण वाचा. ‘ऑफेन्सिव्ह’ असेल तर शब्द ओळखता यावा एवढंच शिका, वापरू नका. मराठीवरून इंग्रजीत जायचं असेल तर मोल्सवर्थचा 1831 चा, 1857 मध्ये वाढवलेला कोश ऑनलाइन आहे. मराठी विशेषणांच्या छटा त्याच्याइतक्या बारकाईने क्वचितच कुणी टिपल्या असतील. मात्र त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांहून जुनं आहे, त्यामुळे तिथे सापडलेला शब्द आजच्या कोशात पुन्हा तपासायचाच.

सुरुवातीला बारा शब्द पुरे: स्टेल, सावर, मस्टी, ब्लँड, ग्रीसी, फॉल्टी, डॅमेज्ड, शॉडी, रूड, स्टबर्न, केअरलेस, नोझी. रोज एक घ्या आणि त्याचं एक खरं वाक्य लिहा, त्या दिवशी घरात, बसमध्ये किंवा कामावर जे खरंच दिसलं त्याचं. वाक्यात कोण, काय, कधी यातल्या किमान दोन गोष्टी आल्या पाहिजेत. महिनाभराने ती वाक्यं पुन्हा वाचा, आणि जिथे माणसावर विशेषण चिकटवलंय तिथे ते खोडून क्रियापद घालता येतं का बघा.